आईबापांचे नैराश्य आणि औषधाची भीती

डॉक्टरांनी चिठ्ठी लिहून देणे आणि रुग्णाने पहिली गोळी घेणे यांत कित्येकदा आठ-पंधरा दिवस जातात. नैराश्यावरील औषधांच्या बाबतीत हे अंतर आणखी वाढते; आणि रुग्ण जर लहान मुलांची आई किंवा बाप असेल, तर गोळ्यांचे पाकीट कपाटात कपड्यांच्या घडीखाली तसेच पडून राहण्याचा संभव अधिक. असे व्हावे यात नवल नाही. एरवी जो निर्णय केवळ स्वतःपुरता असता, तो येथे दुसऱ्याच्या जिवाशी बांधलेला असतो. गोळीने गुंगी आली आणि रात्री मूल रडले तर? माझा स्वभावच पालटला तर? उद्या हा कागद कोणी माझ्याविरुद्ध पुढे केला तर? ही भीती हसण्यावारी नेणे सोपे आहे. पण ते योग्य नव्हे. या भीतीच्या पोटात काही नेमके प्रश्न आहेत, त्यांतील बहुतेकांना उत्तरे आहेत, आणि ती उत्तरे मागण्याचा रुग्णाला पुरेपूर हक्क आहे.

बंगळूरच्या निम्हान्स या संस्थेने २०१५-१६ साली बारा राज्यांत जे राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षण केले, त्यात वीस प्रौढांमागे सुमारे एकाला आयुष्यात केव्हा ना केव्हा नैराश्याने ग्रासल्याचे आढळले. त्याहून गंभीर बाब अशी, की अशा दर शंभर रुग्णांपैकी सुमारे ८५ जणांपर्यंत उपचार पोहोचलेलेच नव्हते. मानसोपचारतज्ज्ञ कमी आणि तेही शहरांत एकवटलेले, हे याचे एक कारण. दुसरे कारण आपल्या बोलण्यातच आहे. मुंबईकडे ‘ठाण्याला’ आणि पुण्याकडे ‘येरवड्याला’ हे शब्द थट्टेत ज्या अर्थाने उच्चारले जातात, तो अर्थ ठाऊक असलेली स्त्री मानसोपचारतज्ज्ञाच्या दारात सहजासहजी कशी उभी राहील? मग ती आई असेल तर पाहावयासच नको.

गोळी काय करते?

या औषधांचा शोध योगायोगाने लागला. १९५२ साली न्यूयॉर्कच्या स्टेटन बेटावरील सी व्ह्यू रुग्णालयात क्षयरोग्यांना इप्रोनियाझिड हे औषध दिले जात असता, कित्येक रुग्ण कमालीचे उत्साही झाल्याचे दिसून आले. पुढे १९५७ मध्ये स्विस डॉक्टर रोलांड कून यांनी इमिप्रामिनचा नैराश्यावरील गुण प्रसिद्ध केला. आज सर्वाधिक वापरात असलेल्या वर्गातील फ्लुओक्सेटिनला अमेरिकेत १९८७ च्या अखेरीस मान्यता मिळाली. ‘मेंदूत सेरोटोनिन कमी पडते आणि गोळी ते भरून काढते’ असे या औषधांचे सोपे स्पष्टीकरण पुष्कळदा दिले जाते. परंतु नैराश्याचे कारण इतके सरळ असल्याचे सिद्ध झालेले नाही. गुण मात्र तपासला गेला आहे. २०१८ साली ‘लॅन्सेट’मध्ये ५२२ चाचण्यांचा एकत्रित आढावा प्रसिद्ध झाला. त्यात तपासलेली एकवीसही औषधे नुसत्या साखरेच्या गोळीपेक्षा सरस ठरली, पण सरासरीने फरक मध्यमच होता. म्हणजे ही जादू नव्हे आणि थोतांडही नव्हे.

येथे एक गोष्ट आरंभीच सांगितली गेली पाहिजे आणि ती बहुधा सांगितली जात नाही. या औषधांचा त्रास आधी येतो आणि गुण मागाहून येतो. मळमळ, डोकेदुखी, पोट बिघडणे, झोप चाळवणे, क्वचित आधीपेक्षा अधिक अस्वस्थ वाटणे, हे पहिल्या आठ-पंधरा दिवसांत घडू शकते. मन हलके होऊ लागते ते साधारणतः दोन ते सहा आठवड्यांत. हे ठाऊक नसलेली आई चौथ्या दिवशी गोळ्या बंद करते आणि ‘मला औषध सोसत नाही’ असा कायमचा ग्रह करून घेते. ठाऊक असेल तर ती डॉक्टरांना अल्प मात्रेपासून आरंभ करावयास सांगू शकते, आणि पहिला पंधरवडा मुलांच्या परीक्षेत किंवा घरच्या लग्नकार्यात येणार नाही असे पाहू शकते. मात्र आजार तीव्र असेल तर सोयीचा मुहूर्त शोधीत बसू नये.

शंका आणि त्यांची उत्तरे

गुंगीची शंका रास्त आहे, पण ती सर्वच औषधांना सारखी लागू नाही. फ्लुओक्सेटिन किंवा सर्ट्रालिन यांनी गाढ गुंगी सहसा येत नाही. अमिट्रिप्टिलिनसारख्या जुन्या औषधांनी येते. शिवाय सोबत काही दिवसांपुरती झोपेची किंवा घबराट कमी करणारी गोळी दिली जाते. तिने गुंगीही येते आणि दीर्घकाळ घेतल्यास सवयही जडते. म्हणून चिठ्ठीवरील कोणती गोळी कशासाठी आणि किती दिवस, हे प्रत्येकीबाबत विचारून घ्यावे. गुंगी आणणारे औषध चालू असेल तर तान्ह्या बाळाला स्वतःच्या अंथरुणात घेऊन निजू नये आणि रात्री उठण्याचे काम दुसऱ्या कोणी पत्करावे.

सवयीच्या भीतीबद्दलही असेच म्हणता येईल. नैराश्यावरील प्रचलित औषधांची दारूसारखी ओढ लागत नाही. मात्र ती एकाएकी थांबवली तर चक्कर, चिडचिड, निद्रानाश असा त्रास होऊ शकतो. म्हणून बरे वाटू लागल्यावरही साधारणतः सहा-नऊ महिने ती चालू ठेवून मग हळूहळू कमी करावयाची असतात. काहींना भावना बोथट झाल्यासारखे वाटते, काहींच्या कामजीवनावर परिणाम होतो. हे न लपविता सांगितल्यास मात्रा किंवा औषध बदलता येते.

अंगावर पाजणाऱ्या आईने औषध आणि दूध यांपैकी एकाची निवड केलीच पाहिजे, असा समज सर्वत्र आहे. वस्तुतः सर्ट्रालिन दुधात अत्यल्प प्रमाणात उतरते आणि म्हणूनच अशा आईसाठी ते पुष्कळदा निवडले जाते. अर्थात हा निर्णय डॉक्टरांनी बाळाचे वय आणि प्रकृती पाहूनच करावयाचा आहे.

दोन धोके मात्र स्पष्ट शब्दांत सांगावयास हवेत. औषध सुरू केल्यावर मनात जिवाचे बरेवाईट करण्याचे विचार वाढले, विशेषतः रुग्णाचे वय पंचविशीच्या आत असताना, किंवा झोपेवाचून विलक्षण उत्साह चढू लागला, तर पुढील भेटीची तारीख येईपर्यंत न थांबता त्याच दिवशी डॉक्टरांना गाठावे. केंद्र सरकारची १४४१६ या क्रमांकावरील ‘टेलि-मानस’ ही दूरध्वनी सेवा ऑक्टोबर २०२२ पासून उपलब्ध आहे. दुसरा धोका मुलांचाच. इमिप्रामिन, अमिट्रिप्टिलिन या जुन्या गोळ्या थोड्या जरी लहान मुलाच्या पोटात गेल्या तरी त्या प्राणघातक ठरू शकतात. पाकीट उशाशी किंवा पर्समध्ये न ठेवता कुलपात ठेवावे.

कायद्याचे भयही निराधार नाही. परंतु कायदा आपण समजतो तितका निष्ठुरही नाही. हिंदू विवाह कायद्यात मानसिक विकार हे घटस्फोटाचे एक कारण आहे हे खरे. पण १९८८ साली राम नारायण गुप्ता विरुद्ध रामेश्वरी गुप्ता या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने निर्वाळा दिला, की आजाराचे नुसते नाव पुरेसे नाही, एकत्र नांदणे अशक्य व्हावे इतकी त्याची तीव्रता सिद्ध झाली पाहिजे. मुलाच्या ताब्याचा निर्णयही मुलाचे हित पाहून व्हावयाचा असतो. २०१७ चा मानसिक आरोग्य सेवा कायदा मे २०१८ पासून अमलात आहे. त्याने रुग्णाला उपचाराबद्दल गुप्ततेचा हक्क दिला आहे. इतकेच नव्हे, तर आईला रुग्णालयात राहावे लागल्यास तिच्या तीन वर्षांखालील मुलाची तिच्यापासून एरवी ताटातूट करू नये, असेही त्यात नमूद आहे.

तराजूचे दुसरे पारडे

औषधाच्या धोक्यांचा विचार करताना आजाराचा धोका आपण मोजीतच नाही, हा आपल्या घरांतील नित्याचा दोष आहे. मुलाला आई हवी म्हणून आई औषध टाळते. पण औषधावाचून जी आई मुलाच्या वाट्याला येते ती महिनोन् महिने भिंतीकडे तोंड करून निजलेली, किंवा क्षुल्लक कारणावरून कडाडणारी असते. मायर्ना वाइसमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००६ साली अमेरिकेत नैराश्यावर औषधोपचार घेणाऱ्या दीडशेवर मातांच्या मुलांची पाहणी प्रसिद्ध केली. ही मुले सात ते सतरा वर्षांची होती. तीन महिन्यांत ज्या माता बऱ्या झाल्या, त्यांच्या मुलांतील मानसिक विकारांचे प्रमाण सुमारे ११ टक्क्यांनी घटले. ज्या बऱ्या झाल्या नाहीत, त्यांच्या मुलांत ते सुमारे ८ टक्क्यांनी वाढले. एका पाहणीवरून अंतिम निष्कर्ष काढू नये. तथापि ‘मी माझ्यापुरते सोसीन, मुलांना झळ लागू देणार नाही’ हे जे आईला वाटते, ते प्रत्यक्षात घडत नाही, एवढे यावरून दिसते.

बापाबद्दलही दोन शब्द हवेत. आपल्याकडे पुरुष ‘मी खिन्न आहे’ असे म्हणत नाही. तो चिडतो, उशिरा घरी येतो, पिऊ लागतो. मुलांना त्याचा धाक दिसतो, आजार दिसत नाही.

याचा अर्थ प्रत्येक उदास मनाला गोळी द्यावी असा मुळीच नाही. सौम्य नैराश्यात समुपदेशन, व्यायाम आणि नियमित झोप यांनी पुष्कळ भागते. थायरॉइड किंवा रक्तक्षय मागे दडला आहे काय, हे आधी पाहावे लागते. आणि जिच्या दुःखाचे मूळ नवऱ्याच्या मारहाणीत आहे, तिला केवळ गोळ्या देऊन घरी धाडणे हा उपचार नव्हे, अन्याय आहे. परंतु जेथे आजार मध्यम किंवा तीव्र आहे आणि डॉक्टरांनी विचारपूर्वक औषध सुचविले आहे, तेथे केवळ भीतीपोटी दिवस ढकलणे मुलांच्याही हिताचे नाही.

ही भीती घालविण्याचे काम एकट्या रुग्णाचे मात्र नव्हे. डॉक्टरांनी चिठ्ठीबरोबर दहा मिनिटे दिली पाहिजेत. पहिल्या पंधरवड्यात काय होईल हे रुग्णाला आणि घरच्या एका माणसाला समोर बसवून सांगितले पाहिजे. सासूने ‘आमच्या वेळी कुठे होती ही थेरं’ हे वाक्य गिळून नातवाला चार रात्री आपल्याकडे निजविले पाहिजे. नवऱ्याने सकाळचे डबे आणि शाळेची तयारी आपल्या अंगावर घेतली पाहिजे. एवढे झाले तर कपाटातील पाकीट बाहेर येण्यास फार दिवस लागू नयेत.