इंधनाचा फिल्टर : धुवायचा कोणता, बदलायचा कोणता?

आठवडी बाजार करणाऱ्या आपल्या व्यापारी व कारागीर बांधवांचे अर्धे दुकान गाडीतच असते. तलवाड्याहून पहाटे माल भरून गेवराई, माजलगाव किंवा बीडकडे निघालेली जुनी जीप किंवा ओम्नी वाटेत बंद पडली, तर त्या दिवसाचा धंदा गेला आणि बांधलेले गिऱ्हाईक शेजारच्या पालावर गेले ते वेगळेच. म्हणून कापडवाल्याने गाडीच्या फिल्टरवर लिहावे यात नवल मानू नये.

फिल्टर तुंबल्याचे लक्षण ओळखू येण्यासारखे आहे. गाडी जागेवर छान चालते, पण माल भरून चढ लागला की दम टाकते, झटके खाते आणि बंद पडते. दहा मिनिटे उभी केली की पुन्हा सुरू होते आणि थोड्या अंतरावर पुन्हा तेच. भार पडला की इंजिनला इंधन जास्त लागते आणि तुंबलेल्या फिल्टरमधून तेवढे उतरत नाही. अशा वेळी ‘पंप उतरवावा लागेल’ असा सल्ला लगेच मिळतो. पंपाचे काम हजारोंचे, फिल्टरचे काही शेकड्यांचे. तेव्हा आधी फिल्टर उघडून बघावा. त्याच्याही आधी टाकीचे झाकण उघडून पाहावे. ‘फुस्स’ असा आवाज होऊन गाडी नीट चालू लागली, तर टाकीत हवा जाण्याचे छिद्र बुजले आहे. ते साफ करायला पैसा लागत नाही.

जुन्या डिझेल जीपमध्ये बहुधा दोन फिल्टर शेजारी शेजारी असतात. पहिला कापडी, दुसरा कागदी. मायको कंपनीचे फिल्टर सर्वांच्या परिचयाचे; ही कंपनी २००८ पासून बॉश या नावाने ओळखली जाते. कापडी फिल्टर स्वच्छ डिझेलमध्ये हलक्या हाताने दाबून धुता येतो, पण तोही कायम चालत नाही. मलमल वारंवार धुतली की वीण विरते, हे आपल्या धंद्यातल्या माणसाला सांगायला नको. कागदी फिल्टर मात्र कधीही धुऊ नये. त्याची छिद्रे काही मायक्रॉनची असतात, आणि माणसाचा केस साधारण ७० मायक्रॉन जाड असतो. कॉम्प्रेसरची हवा मारली की फिल्टर वरून स्वच्छ दिसतो, पण आतली छिद्रे फाटतात. मग बारीक धूळ थेट पंपात जाते. पंपाच्या प्लंजरची फटही दोन-तीन मायक्रॉनचीच. ती एकदा घासली की हजारोंचा खर्च खराच समजा. म्हणजे थोडे पैसे वाचवायला जाऊन पंपच हातचा जातो.

फिल्टर बदलताना भांडे डिझेलने धुवावे आणि रबरी रिंग नवीन घालावी. नंतर एअर काढणे आवश्यक आहे. फिल्टरच्या डोक्यावरचा स्क्रू सैल करून हातपंप मारीत राहावे. बुडबुडे थांबून नुसते डिझेल आले की स्क्रू आवळावा. इंजेक्टरच्या नळ्यांचे नट मात्र मिस्त्रीवरच सोडावेत. तिथला दाब इतका असतो की डिझेलची धार कातडीत घुसते.

जुन्या फिल्टरमधले डिझेल फेकू नये, पांढऱ्या वाटीत ओतून बघावे. तांबूस भुकटी निघाली तर टाकी गंजली आहे. अशा वेळी कितीही नवे फिल्टर घातले तरी आठवड्यात तुंबतील. टाकी उतरवूनच धुवावी लागेल. तळाशी थेंब वेगळे दिसले तर ते पाणी. काळा चिकट गाळ असेल तर बहुधा साचलेल्या पाण्यावर डिझेलमध्ये वाढलेली बुरशी. बाटलीने किंवा कॅनमधून डिझेल भरणाऱ्यांनी नरसाळ्यात बारीक जाळी ठेवावी. आमच्या भागातला उन्हाळ्यातला फुफाटा पाहता एवढी काळजी जास्त नाही.

पेट्रोल गाड्यांचे काम सोपे. पद्मिनी, जुनी मारुती ८०० आणि कार्बोरेटरच्या ओम्नीत लहानसा फिल्टर नळीत बसवलेला असतो. तो धुवायचा नाही, बदलायचा. त्याच्यावरचा बाण इंजिनकडे असावा. उलटा बसवलेले मिस्त्रीही पाहिले आहेत! इंजेक्शनच्या गाड्यांत नळीत दाब साठलेला असतो, त्या घरी उघडू नयेत.

पेट्रोलवाल्यांसाठी एक नवी गोष्ट. २०२५ मध्ये देशभर पेट्रोलमधील इथेनॉलचे प्रमाण २० टक्क्यांपर्यंत गेले. इथेनॉल टाकीतला जुना मळ सोडवते, पाणी ओढून घेते आणि जुन्या रबरी नळ्या खराब करते. म्हणून जुन्या गाडीचा फिल्टर एकदा लवकर बदलावा आणि नळ्याही तपासाव्यात. पेट्रोलमध्ये भेसळीचा संशय आल्यास पंपावर फिल्टर पेपर मागावा. गिऱ्हाइकाचा तो हक्क आहे. थेंब टाकल्यावर तो दोनेक मिनिटांत उडून जावा, डाग राहू नये.

हे सर्व काम उघड्यावर, इंजिन थंड असताना आणि बॅटरीची वायर काढून करावे. जवळ कोणी विडी ओढू नये. नळीला तोंड लावून पेट्रोल ओढण्याची सवय तर सोडूनच द्यावी. ते फुप्फुसात गेले तर जीवावर बेतते. आणि रिकामी दिसणारी पेट्रोलची टाकी वेल्डिंगवाल्याकडे तशीच नेऊ नये, आत राहिलेल्या वाफेचा स्फोट होतो.