अर्ध्या पदकाचा जिल्हा

2011च्या जनगणनेत सिंधुदुर्ग जिल्ह्याची लोकसंख्या 8,49,651 भरली. त्याआधीच्या जनगणनेत ती 8,68,825 होती. देशभर माणसं वाढत असताना आमची मुंबईच्या गाडीत बसली. तर या साडेआठ लाखांचं एक माप करू आणि त्याने जगाची पदकं मोजू.

सुरुवात इटलीपासून. टोकियो ऑलिंपिकमध्ये इटलीला 40 पदकं मिळाली, पॅरिसला पुन्हा नेमकी 40. देशाची लोकसंख्या 5.9 कोटी, म्हणजे दर पंधरा लाख माणसांमागे एक पदक. या दराने सिंधुदुर्गाच्या पदरात अर्ध्याहून थोडं जास्त पदक पडतं. दोन ऑलिंपिक मिळून एक म्हणा. वाईट नाही.

आता आपला दर लावा. टोकियोत भारताची पदकं सात, म्हणजे वीस कोटी माणसांमागे एक. या हिशेबाने सिंधुदुर्गाला एका पदकासाठी 235 ऑलिंपिक थांबावं लागेल. चार-चार वर्षं धरली तर 940 वर्षं! शिवाजी महाराजांनी 1664 साली मालवणच्या कुरटे बेटावर किल्ल्याचं काम सुरू केलं, तेव्हापासून दर चार वर्षांनी ऑलिंपिक भरत आलं असतं तरी आजवर नव्वदच झाली असती.

महाराष्ट्राचा खराखुरा हिशेबही असाच मोठ्या मोकळ्या जागांचा आहे. 1952 साली हेलसिंकीत कराडजवळच्या गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांनी कुस्तीत कांस्य मिळवलं. त्यानंतरचं मराठी माणसाचं वैयक्तिक ऑलिंपिक पदक आलं 1 ऑगस्ट 2024 रोजी. राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्निल कुसाळेने 50 मीटर रायफल थ्री पोझिशनमध्ये 451.4 गुणांवर कांस्य घेतलं. मध्ये 72 वर्षं आणि 17 रिकामी ऑलिंपिक. (पॅरालिंपिकमध्ये मुरलीकांत पेटकरांनी 1972 सालीच जलतरणाचं सुवर्ण आणलं होतं, ते या मोजणीत कुणी धरत नाही.)

आणि तेरेखोलच्या खाडीपलीकडे, गोव्यात, 2023च्या राष्ट्रीय स्पर्धेत हाच महाराष्ट्र 80 सुवर्णांसह 228 पदकं घेऊन पहिला आला. तेव्हा खेळाडू नाहीत, हे काही खरं नाही. यजमान गोव्याने 92 पदकं मिळवली. गोव्याची लोकसंख्या साडेचौदा लाख, म्हणजे सोळा हजारांमागे एक.

पण दरडोई हिशेबाला फार डोक्यावर घेऊ नये. इटलीच्या पोटात सॅन मरीनो नावाचा चिमुकला देश आहे. क्षेत्रफळ 61 चौरस किलोमीटर, माणसं सुमारे 34 हजार. मालवण शहराच्या दुपटीहूनही कमी. टोकियोला त्यांचे पाच खेळाडू गेले आणि तीन पदकं घेऊन आले. हा दर महाराष्ट्राला लावला तर आपल्याला जवळजवळ दहा हजार पदकं मिळायला हवीत. टोकियोत वाटलीच गेली 1,080! छोट्या देशाचा एक नेम लागला की दरडोई आकडा आभाळाला भिडतो, एवढंच यातून कळतं.

मला इटलीत त्या चाळिसांपेक्षा पगारपत्रक महत्त्वाचं वाटतं. 100 मीटर 9.80 सेकंदांत जिंकणारा मार्सेल जेकब्स पोलिसांच्या क्रीडापथकातला. सीमाशुल्क पाहणाऱ्या दलाचंही असंच पथक आहे. खेळाडूला नोकरी आणि काम म्हणजे सराव. आपल्याकडे कुसाळे मध्य रेल्वेत तिकीट तपासनीस होता. आणि राष्ट्रीय स्पर्धेत ‘सेनादल’ हा लोकसंख्याच नसलेला संघ 2022 आणि 2025 मध्ये सुवर्णांच्या यादीत महाराष्ट्राच्या वर राहिला, तोही याच कारणाने.

समुद्र असला म्हणजे पोहणारे निपजतात, असंही नाही. टोकियोत खुल्या पाण्यातल्या 10 किलोमीटरमध्ये कांस्य मिळवणारा ग्रेगोरियो पाल्त्रिनिएरी किनाऱ्यापासून दूर, कार्पी गावचा. मालवणात चिवला किनाऱ्यावर राज्यस्तरीय सागरी जलतरण स्पर्धा भरते, लहान पोरंही बिनधास्त लाटांत उतरतात. पण त्यातलं कुणी ऑलिंपिकच्या त्या शर्यतीपर्यंत पोचलं तरी दार अरुंदच: एका देशाचे जास्तीत जास्त दोन पुरुष आणि दोन स्त्रिया. सॅन मरीनोच्या 34 हजारांनाही दोन, आपल्या 140 कोटींनाही दोनच.