बेलाच्या वडिलांना कोण विचारणार?

पिशाच्चांशी माझी ओळख आजीच्या गोष्टींतली. ती चिंचेवर राहायची आणि कंदील विझला की आमची बोबडी वळवायची. त्यामुळे देखणे, शाळेत जाणारे आणि मुलीच्या प्रेमात पडणारे पिशाच्च माझ्या पचनी पडणे कठीणच होते. तरीही गेल्या रविवारी लेकीच्या आग्रहाखातर ‘न्यू मून’ पाहायला बसलो. स्टेफनी मेयर यांच्या २००६ च्या कादंबरीवरून ख्रिस वाइट्झ यांनी दिग्दर्शित केलेला हा २००९ चा चित्रपट म्हणजे ‘ट्वायलाइट’चा दुसरा भाग. अमेरिकेत पहिल्या तीनच दिवसांत त्याने १४ कोटी डॉलरहून अधिक कमाई केली होती.

अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्यात फोर्क्स नावाचे सदा पावसाळी गाव आहे. तिथे बेलाच्या अठराव्या वाढदिवशी भेटवस्तूच्या कागदाने तिचे बोट कापते. रक्ताचा थेंब दिसताच एडवर्डचा भाऊ जॅस्पर तिच्यावर झेपावतो. आपल्या सहवासात हिच्या जिवाला धोका आहे, असे ठरवून एडवर्ड तिला सोडून जातो.

शंभरी ओलांडलेला हा गडी सतरा वर्षांचा म्हणून वर्गात बसतो, मग याची हजेरी मांडतो कोण? मी असे शेरे मारू लागलो, तेव्हा धारवाडचे माहेर असलेली आमची सौ. म्हणाली, “सुम्न कूडरी!”

पण एका दृश्याला मी खरोखरच गप्प झालो. बेला खिडकीशी खुर्चीत बसली आहे. ऑक्टोबर, नोव्हेंबर, डिसेंबर. बाहेर ऋतू बदलतो, ती हलत नाही. अशी मुले मी वर्गात शेवटच्या बाकावर पाहिली आहेत. हजेरी लागते, मूल तिथे नसते.

पुढे मात्र माझा पारा चढला. संकटात असताना एडवर्डचा भास होतो, म्हणून ही मुलगी मोटारसायकल बेफाम हाकते, कड्यावरून समुद्रात उडी घेते. “कोणी सोडून गेले म्हणून जीव असा उधळायचा?” मी लेकीला विचारले.

“नाहीच उधळायचा, बाबा. पण मला राग एडवर्डचा येतो. तिच्या भल्याचं त्यानं ठरवलं, तिला विचारलं कुठं?”

मी मान डोलावली. माझी विद्यार्थिनी असती, तर पैकीच्या पैकी गुण दिले असते.

“तुम्हीही गेल्या वर्षी मला बेंगळूरुला पाठवलं नाहीत. माझ्या भल्यासाठीच ना?”

कोणीच काही बोलले नाही. चित्रपट पुढे चालू राहिला.

शेवटाकडे बेला एडवर्डच्या घरच्यांचे मत घेते : मला तुमच्यासारखे करायचे की नाही? बहुतेक जण होकार देतात. रोझाली मात्र नकार देते, कारण तिच्या वेळी ‘नको’ म्हणणारे कोणीच नव्हते. सगळ्या चित्रपटात मला ती एकटीच शहाणी वाटली. पण बेलाचे वडील चार्ली या बैठकीत नाहीत. लेक रात्री किंचाळत उठायची, तेव्हा धावत येणारा हा बाप पोलिसप्रमुख असूनही त्याला पत्ताच नाही!

“बापाला विचारायला नको होतं?” मी म्हणालो.

“विचारलं असतं, तर त्यांनी ऐकून घेतलं असतं?”

या प्रश्नाचे उत्तर माझ्यापाशी नव्हते.

चित्रपट रेंगाळतो, प्रेमिकांचे संवाद रडके आहेत, आणि प्रेमापुढे जिवाची किंमत शून्य मानणे मला आजही घातक वाटते. म्हणूनच घरात वयात आलेली मुले असतील, तर तो त्यांच्या शेजारी बसून पाहावा. शेरे कमी मारावेत.

त्या रात्री मी लेकीला पहिल्यांदाच विचारले, “तुला बेंगळूरुलाच का जायचंय?” ती तासभर बोलत होती, माझ्याशी मराठीत, आईशी कन्नडमध्ये. नंतर तिने मत मागितले. मायलेकींचे हात झटकन वर गेले. माझा अजून खालीच आहे. पण या वेळी नकार देण्याआधी मी ऐकून घेतले, एवढे खरे.