मेंढ्या गेल्या, गवत परतले

आपला मुलगा-पुतण्या अमेरिकेत नोकरीस असेल, तर त्याला कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यासमोरच्या सांताक्रूझ बेटावर एक मुक्काम करायला जरूर सांगा. तिथे पूल नाही, लॉज नाही. व्हेंचुरा बंदरातून बोटीने तासभर जायचे. तंबू, अंथरूण, शिधा आपणच न्यायचा. स्कॉर्पियन नावाच्या घळीत निलगिरीच्या सावलीत तळ आहे; पिण्याचे पाणी तेवढे तिथे मिळते. समुद्र खवळला की बोट येत नाही, म्हणून एका दिवसाचा शिधा जास्तीचा बांधावा.

शेकोटीला सक्त मनाई. गॅसच्या लहान शेगडीवर रांधायचे. भाकरीचा तुकडाही उघड्यावर ठेवायचा नाही. मांजराएवढा कोल्हा टपलेला असतो आणि डोमकावळे तर पिशवीची चेनसुद्धा उघडतात! शिधा ठेवायला पेट्या आहेत. कचरा मात्र परत न्यायचा.

नियम जाचक वाटतील. पण १८५०च्या दशकात तिथे मेंढ्या आल्या, चराई मोकाट सुटली. उतार उघडे पडले, माती वाहून गेली. आपल्या कित्येक गायरानांची हीच गत आहे ना? १९८०च्या दशकापासून मेंढ्या हटवू लागले. पूर्वेकडच्या शेवटच्या तर १९९७नंतर बोटीतून किनाऱ्यावर नेल्या. गवत, झुडपे परतली. शंभराच्याही आत आलेला कोल्हा इतका वाढला, की २०१६ साली तो संकटग्रस्त प्राण्यांच्या यादीतून निघाला.

तळाजवळ जुन्या मेंढपाळीच्या काळातली गंजलेली शेतीअवजारे मांडून ठेवली आहेत. ती निवांत पाहावीत.