नव्या शेगडीचा दर्प

वैशाखात रावेरचा पारा ४५ अंशांच्या आसपास जाऊन पोहोचतो आणि झळा आत येऊ नयेत म्हणून सकाळीच दारे-खिडक्या ओढून घेण्याचा या मुलखात प्रघात आहे. परंतु ज्या घरात ओव्हनसह नवी शेगडी आली असेल, त्या घराने तो प्रघात एक दिवस तरी मोडावा. कपाशीच्या काड्यांवर भरिताची वांगी भाजताना होणारा धूर ज्यांना परका नाही, त्यांनाही या नव्या यंत्राचा दर्प असह्य होतो. याचे कारण असे की, गंज चढू नये म्हणून कारखान्यात पत्र्याला तेलाचा पातळ हात दिलेला असतो आणि ओव्हनच्या भिंतींत उष्णता कोंडणारी जी काचतंतूंची गादी असते, तिचे तंतू बहुधा कृत्रिम राळेने बांधलेले असतात. ताप लागताच तेलाचे बाष्प होते, त्याचा काही अंश प्राणवायूशी संयोग पावून डोळ्यांना झोंबणारी आल्डिहाइडे निर्माण होतात आणि राळेतून फॉर्माल्डिहाइड सुटते.

हा दर्प आठवडेच्या आठवडे रेंगाळतो तो बहुधा ओव्हन मंद आचेवरच वापरल्यामुळे. १५० अंशांवर नानकटाई भाजली की द्रव्याचा थोडा भाग उडतो आणि अधिक तापाची अपेक्षा करणारा भाग पुढच्या खेपेसाठी शिल्लक राहतो. म्हणून पहाटेच्या गारव्यात, खिडक्या सताड उघडून, आतील पुठ्ठे व वेष्टने काढून, पुस्तिकेतील मर्यादा पाहून, रिकामा ओव्हन २०० ते २५० अंशांवर तासभर तापवावा. कोणी तरी जवळ थांबावे, आणि पाळीव पक्ष्यांना दुसरीकडे न्यावे, कारण त्यांची फुप्फुसे अशा बाष्पांपुढे फार दुबळी ठरतात.

उदबत्ती लावून हा वास झाकण्याची तजवीज मात्र कोणीही करू नये, कारण त्याखाली वायूच्या गळतीचा वासही दडून जाईल. शेगडी थंड असताना सडक्या कोबीसारखा वास आला, तर तो इथाइल मर्कॅप्टनचा, म्हणजे मूळच्या जवळजवळ गंधहीन वायूत बुद्ध्याच मिसळलेल्या द्रव्याचा असतो. टेक्सासमधील न्यू लंडनच्या शाळेखाली १८ मार्च १९३७ रोजी साचलेल्या वायूला वासच नव्हता. स्फोटात सुमारे ३०० जीव गेले, त्यांत बहुतेक मुले होती, आणि त्यानंतर तेथे वायूला वास देण्याची कायद्याने सक्ती झाली.

सिलिंडरचा वायू हवेहून जड असल्याने जमिनीलगत साचतो. अशा वेळी उन्हाळ्याच्या सवयीने कुलरच्या बटणाकडे हात जातो, आणि त्या बटणाची ठिणगीच घात करते. कोणतेही बटण चालू किंवा बंद न करता रेग्युलेटर बंद करावा, दारे उघडावीत, बाहेर जाऊन १९०६ क्रमांकावर वर्दी द्यावी. शंका अगदी पुसट असेल, तर नळीच्या सांध्यावर साबणाचा फेस लावावा; गळती असल्यास तेथे बुडबुडा फुगत जातो. मात्र नाक काही मिनिटांतच वासाला सरावते. तेव्हा वास गेला असे वाटले तरी बाहेरून आलेल्या शेजाऱ्याला एकवार विचारावे.