पावाचे सारण : एका सणाच्या पदार्थाची घडण आणि कौटुंबिक परंपरा

‘सारण’ हा शब्द उच्चारताच मराठी वाचकाच्या मनात करंजी, मोदक किंवा पुरणपोळी उभी राहते. या पदार्थांत पिठाचे आवरण बाहेर व सारण आत अशी रचना असते. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत ‘थँक्सगिव्हिंग’ या आभारप्रदर्शनाच्या सणास जे सारण करतात, त्यात हा क्रम उलटा होतो. तेथे टर्की पक्ष्याचे शरीर हेच आवरण असते आणि पाव हा आतील ऐवज असतो. हे सारण करणारे प्रत्येक कुटुंब आपली कृती इतरांहून निराळी व पूर्वापार चालत आलेली मानते. वस्तुतः बहुतेक कृतींतील घटक जवळजवळ सारखेच असतात. तेव्हा या पदार्थातील ‘कौटुंबिक’ अंश नेमका कोणता, हा प्रश्न विचारात घेण्याजोगा आहे.

परंपरेचे वय

या सणाचा संबंध सामान्यतः प्लिमथ येथील वसाहतवाल्यांच्या १६२१ च्या मेजवानीशी जोडला जातो. त्या मेजवानीविषयी एडवर्ड विन्स्लो याने त्याच वर्षी लिहिलेल्या पत्रात शिकार केलेल्या पक्ष्यांचा आणि वाम्पानोआग लोकांनी आणलेल्या पाच हरणांचा उल्लेख आहे. पावाच्या सारणाचा नाही. वसाहतीचे त्या वर्षीचे यशस्वी पीक मक्याचे होते. गव्हाचा पाव कुस्करून सारणात घालण्याइतकी विपुलता तेथे असण्याचा संभव अल्पच. प्राणी वा पक्षी भरून भाजण्याची रीत मात्र फार जुनी आहे. अपिसियसच्या नावावर असलेल्या रोमन पाकग्रंथातही ती आढळते.

अमेरिकन लेखिकेने लिहिलेले व अमेरिकेतच छापलेले पहिले पाकशास्त्राचे पुस्तक म्हणून ज्याची गणना होते, ते अमेलिया सिमन्स यांचे ‘अमेरिकन कुकरी’ १७९६ मध्ये हार्टफर्ड येथे प्रसिद्ध झाले. त्यातील टर्कीच्या सारणात एक पौंड गव्हाचा मऊ पाव, तीन औंस गोमांसाची चरबी, तीन अंडी, थाइम व मार्जोरम या सुगंधी वनस्पती, मिरे आणि मीठ हे घटक आहेत. कोणी मद्य घालतात, कोणी वनस्पतींऐवजी दुसरे काही वापरतात, अशी पर्यायांची नोंदही लेखिकेने तेथेच केली आहे. म्हणजे ही कृती छापली गेली तेव्हाच ती घरोघरी भिन्न होती. आज अपरिहार्य वाटणारे कांदा व सेलरी हे घटक त्या सारणात नाहीत. चरबीची जागा पुढे लोण्याने घेतली. पाव, स्निग्ध पदार्थ, अंडे आणि सुगंधी वनस्पती ही चौकट तेवढी टिकली.

सारण व सण यांची सांगड घालण्यात सारा जोसेफा हेल यांचा वाटा मोठा आहे. १८२७ च्या ‘नॉर्थवुड’ या कादंबरीत त्यांनी न्यू इंग्लंडमधील सणाच्या जेवणाचे सविस्तर वर्णन केले असून त्यात सारण भरलेल्या टर्कीस अग्रस्थान दिले आहे. सण राष्ट्रीय व्हावा म्हणून त्यांनी दीर्घकाळ प्रयत्न केले. अब्राहम लिंकन यांनी ३ ऑक्टोबर १८६३ रोजी नोव्हेंबरातील शेवटचा गुरुवार त्यासाठी जाहीर केला, आणि १९४१ च्या कायद्याने चौथा गुरुवार निश्चित झाला.

कृती आणि तिची कारणे

प्रचलित कृतीत एक पौंड, म्हणजे सुमारे ४५० ग्रॅम पावाचे लहान चौकोनी तुकडे करतात. बारीक चिरलेला कांदा व सेलरी लोण्यात मऊ होईपर्यंत परततात. त्यात सेज, थाइम, मीठ व मिरपूड घालतात. सेजचा सुगंध स्निग्ध पदार्थात चांगला उतरत असल्याने तो लोण्यात घालणे हिताचे असते. हे मिश्रण पावावर ओतून त्यात दोन फेटलेली अंडी आणि, मराठी स्वयंपाकघरात ज्याला ‘अळणी’ म्हणतात तसा, मांसाचा बिनमसाल्याचा पातळ रस सुमारे दोन ते अडीच कप घालतात.

पाव शिळा हवा, असा घरोघरचा दंडक आहे. परंतु शिळे होणे व वाळणे या दोन भिन्न क्रिया होत. पाव हवाबंद ठेवला, त्यातील पाणी मुळीच उडाले नाही, तरी तो शिळा होतो, हे बुसँगो या फ्रेंच रसायनज्ञाने १८५२ मध्ये दाखविले. भाजताना फुगलेल्या पिष्टाचे रेणू थंड झाल्यावर पुन्हा सुसंघटित होऊ लागतात व पाव घट्ट होतो. सारणास मात्र मुख्यतः कोरडेपणा लागतो. तुकड्यातील पाणी निघून गेले म्हणजे तेथे रस सामावतो आणि तुकडा आपला आकारही राखतो. म्हणून पिशवीत बांधून ठेवलेल्या शिळ्या पावापेक्षा मंद भट्टीत, सुमारे १२० अंश सेल्सिअसला, पाऊण तास वाळविलेला ताजा पाव अधिक उपयुक्त ठरतो. जुन्या घरांत पाव रात्रभर उघडा पसरून ठेवीत, त्यामुळे दोन्ही क्रिया एकदमच साधत. शिळ्या पोळीला फोडणी देऊन तिचा कुस्करा करणाऱ्या मराठी गृहिणीस या काटकसरीचे मर्म सांगावयास नको.

अंड्यातील प्रथिने उष्णतेने गोठून तुकड्यांना एकत्र बांधतात. रस किती घालावा हे मात्र मापाने सांगता येत नाही. पावाची जात, तो किती वाळला आहे आणि तुकड्यांचा आकार यांवर ते अवलंबून असते. ‘हाताने दाबले असता गोळा व्हावा, पण पाणी सुटू नये’ अशा स्वरूपाच्या खुणेवरच ते ठरते, आणि ही खूण शेजारी उभे राहून पाहिल्याशिवाय कळत नाही.

आत की बाहेर

पक्ष्याच्या पोटात शिजणाऱ्या सारणात त्याचा रस उतरतो, आणि त्या चवीसाठीच ही रीत प्रिय झाली. धोकाही नेमका तेथेच आहे. कच्च्या मांसातील साल्मोनेला, कँपिलोबॅक्टर यांसारखे जंतू रसाबरोबर पावात शिरतात, आणि उष्णता सर्वांत शेवटी पोहोचते ती सारणाच्या मध्यभागी. तेथील तपमान ७४ अंश सेल्सिअस झाले पाहिजे, असे अमेरिकेचे कृषि खाते सांगते. तोवर थांबावे तर छातीचे मांस कोरडे पडते. आधी काढावे तर सारण असुरक्षित राहते. पक्षी आदल्या रात्री भरून ठेवणे तर सर्वथा वर्ज्य होय. आत भरावयाचेच असेल तर ते भाजण्यापूर्वी लगेच व सैलसर भरावे, कारण पाव फुगतो.

यामुळे अनेक घरांत सारण स्वतंत्र भांड्यात, १७५ अंशांच्या भट्टीत पाऊण तास भाजण्याची रीत पडली. गमावलेली चव भरून काढण्यासाठी पक्ष्याची मान व पंख उकळून काढलेला रस वापरतात. काही घरांना हा परंपराभंग वाटतो. पण दक्षिणेकडील संस्थानांत मक्याच्या पावाचे ‘ड्रेसिंग’ अनेक घरी प्रथमपासून भांड्यातच भाजले जाते. एका प्रदेशाची तडजोड ती दुसऱ्या प्रदेशाची परंपरा होय. न्यू इंग्लंडच्या किनाऱ्यावर कालवे घालतात, पेनसिल्व्हेनियातील जर्मनवंशीय बटाटा मिसळतात, मिनेसोटात रानतांदूळ वापरतात. भोवतालचे जिन्नस अशा रीतीने त्या एकाच चौकटीत येऊन बसतात.

तयार सारण आणि कुटुंब

१९७२ मध्ये जनरल फूड्स या कंपनीने ‘स्टोव्ह टॉप’ हे काही मिनिटांत चुलीवर होणारे तयार सारण बाजारात आणले. रूथ सीम्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांना १९७५ मध्ये त्याचे एकस्व मिळाले. त्यातील कळीचा मुद्दा पावाच्या कणांच्या आकाराचा होता; तो योग्य असला तरच कण पाणी शोषूनही लगदा होत नाहीत. म्हणजे घरातील हात जे स्पर्शाने ठरवीत, तेच येथे मोजमापाने बांधले गेले. त्या पदार्थाने सारणाचा प्रसार केला आणि ते वर्षभर उपलब्ध झाले. मात्र ज्या निवडीमुळे एका घरचे सारण दुसऱ्या घरच्याहून वेगळे होई, ती निवडच त्याने अनावश्यक केली.

सारांश

वरील विवेचनावरून असे दिसते की, कौटुंबिक कृतीचे वेगळेपण घटकांच्या यादीत फारसे नसते. यादी बव्हंशी छापील पुस्तकांतून आली आणि काळानुसार बदलली. चरबी गेली, सेलरी आली, पक्ष्याच्या पोटातील सारण भांड्यात गेले. कुटुंबात हस्तांतरित होतो तो निर्णय : पाव किती वाळवावा, रस कोठे थांबवावा, वरचा थर किती खरपूस असावा. कागदावर उतरलेली कृती मागे राहते व हा निर्णय मात्र एका पिढीत हरवू शकतो. म्हणून अशा पदार्थांचा अभ्यास करणाऱ्याने कृतीची वही उतरून घेण्यावर समाधान मानू नये; पदार्थ होत असताना तेथे उपस्थित राहून हात कोठे थांबतो त्याचीही नोंद करावी. पुरणाला चटका किती द्यावा हे ज्या घरांत वहीत लिहिलेले नाही, त्या घरांनाही हे लागू आहे.