जपानचा प्रवास : आखणी आपल्या हाताने

परदेशचा प्रवास म्हटला की यात्रा कंपनीकडे पैसे भरायचे आणि तिच्या माणसामागून चालायचे, अशी आपल्याकडे सर्वसाधारण समजूत आहे. त्यात गैर काही नाही. पण समजा, एका शिक्षक-दांपत्याने वर्षानुवर्षे पैसा साठवला आहे, दोघांना कामापुरते इंग्रजी येते, आणि जे पाहायचे ते घाई न करता पाहावे अशी त्यांची इच्छा आहे. मग त्यांनी काय करावं? आपला प्रवास आपणच आखावा. हे काम अवघड नाही. मात्र ते क्रमाने केले पाहिजे. क्रम चुकला की साठवलेला पैसा पाण्यात जातो. जपानचे उदाहरण घेऊन हा क्रम पाहू या.

पहिली गोष्ट म्हणजे काळ. तोक्यो शहरात चेरीचा बहर साधारणतः मार्चअखेरीस येतो, आणि तेव्हा आपल्या गुरुजींना परीक्षांचे काम असते. २९ एप्रिल ते ५ मे या आठवड्यात जपानात चार सार्वजनिक सुट्ट्या येतात. सारा देश प्रवासाला निघतो. राहायला जागा मिळत नाही, मिळाली तर महाग पडते. जूनमध्ये तिकडे पावसाळा लागतो आणि ऑगस्ट-सप्टेंबरात समुद्री वादळांचा जोर असतो. म्हणजे आपल्या उन्हाळी सुट्टीतला मे महिन्याचा मध्य उत्तम. दिवाळी उशिरा आली, तर नोव्हेंबरात क्योतोच्या मेपल वृक्षांची पाने रंगू लागलेली दिसतील.

दुसरी गोष्ट प्रवेश-परवान्याची, म्हणजे व्हिसाची. पर्यटनासाठी जाणाऱ्या भारतीयाला तो काढावा लागतो. त्यासाठी कोणत्या दिवशी कोठे राहणार याचा दिनवार तक्ता द्यावा लागतो, आणि खर्च पेलण्याची ऐपत दाखवणारी कागदपत्रेही. एका प्रवेशाचा व्हिसा मिळाल्यापासून तीन महिन्यांतच वापरावा लागतो. तेव्हा फार आधी काढूनही उपयोग नाही. इथेच पुष्कळांची गफलत होते. व्हिसा हाती येण्यापूर्वी, परत न मिळणारे पैसे कोठेही भरू नयेत. राहण्याच्या जागा रद्द करता येतील अशाच ठरवाव्यात. विमानाचे तिकीटही, रद्द केल्यास पैसे परत मिळणारे घ्यावे, नाहीतर व्हिसा मिळेपर्यंत थांबावे.

आता मार्ग. दहा दिवसांची रजा धरली, तर जाण्या-येण्यात दोन दिवस गेले असे समजा. उरले आठ. आठ दिवसांत आठ शहरे पाहू गेलात, तर आठवणीत फक्त स्टेशनेच राहतील! तोक्योत तीन रात्री, क्योतोत तीन, हिरोशिमात एक आणि ओसाकात एक, एवढे पुरे. क्योतोहून नारा तासाभराच्या आतबाहेर आहे. तिथे दिवसभर जाऊन परत यावे. तिथल्या तोदाइ-जी मंदिरातील सुमारे पंधरा मीटर उंचीच्या बुद्धमूर्तीचा नेत्रोन्मीलन-विधी इ.स. ७५२ मध्ये बोधिसेन नावाच्या भारतीय भिक्षूने केला होता. हिरोशिमात ६ ऑगस्ट १९४५ च्या अणुबाँबने उद्ध्वस्त झालेली घुमटाची इमारत तशीच जपून ठेवलेली आहे. तिथून निघताना लगेच गाडी पकडायची आहे, अशी वेळ स्वतःवर आणू नये. आणखी एक हिशेब: विमानाने तोक्योत उतरावे आणि परतीचे विमान ओसाकाहून धरावे. म्हणजे तोक्योपर्यंत उलटा प्रवास वाचतो.

गाडीभाड्याचे गणित कागदावर मांडावे. तोक्यो ते ओसाका ही अतिवेगवान रेल्वे १ ऑक्टोबर १९६४ रोजी सुरू झाली. तेव्हा त्या प्रवासाला चार तास लागत. आता सुमारे अडीच तास लागतात. परदेशी प्रवाशांसाठी सात दिवसांचा रेल्वे-पास असतो. तो घेतलाच पाहिजे असे अनेकजण सांगतील. पण ऑक्टोबर २०२३ मध्ये त्याची किंमत २९,६५० येनवरून ५०,००० येन झाली. वर सांगितलेल्या मार्गाची सुटी तिकिटे चाळीस हजार येनच्या आत बसतात. मग पास कशाला? मार्ग आधी ठरवावा आणि पासाचा विचार मागाहून करावा.

शाकाहारी मंडळींनी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. तिकडचे भाजीचे सार दिसायला निर्मळ असते, पण त्याचा मूळ रस बहुधा सुकवलेल्या माशांचा असतो. म्हणून ‘मांस नको’ एवढे सांगून भागत नाही. ‘मासा नको, माशाचा रसही नको’ असे जपानी लिपीत लिहिलेली चिठ्ठी खिशात ठेवावी. औषधांचेही तसेच. सर्दीच्या काही गोळ्यांत स्यूडोएफेड्रिन असते. त्याचे प्रमाण दहा टक्क्यांहून अधिक असलेले औषध जपानात नेता येत नाही. बरोबरच्या प्रत्येक औषधाची डॉक्टरांची चिठ्ठी जवळ असावी, आणि ती औषधे तिथे चालतात ना, हे निघण्यापूर्वी पाहावे. पासपोर्ट सतत अंगावर बाळगणे हा तिथला कायदाच आहे. पोलिसांसाठी ११० आणि रुग्णवाहिकेसाठी ११९ हे क्रमांक पाठ करून ठेवावेत.

शेवटी, तक्त्यात एक दिवस मोकळा सोडा. पाऊस आला, पाय दुखले, कोणी आजारी पडले, तर तोच दिवस बाकीची घडी सांभाळतो. तक्त्याची आणि पासपोर्टची एकेक प्रत घरी विश्वासाच्या माणसाजवळ द्या.

शिक्षकबंधूंना आणि भगिनींना आणखी एक सुचवावेसे वाटते. वर्गात नकाशा, दिनदर्शिका आणि भाड्याचे आकडे मुलांपुढे ठेवा, आणि हाच प्रवास त्यांना आखायला सांगा. भूगोल, गणित आणि व्यवहार हे तिन्ही विषय त्यात एकत्र येतात. त्या मुलांपैकी कोणी पुढे खरोखर निघाले, तर त्याला आखणी करता येत असेल.